भंगार नव्हे, सुट्या भागांचे कोठार

गावाच्या वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड, आत ऐरण, भाता आणि वेल्डिंगचा संच. भोवतीच्या आवारात मालमोटारींचे कमानपाटे, जीपचे मागील आस, जुन्या इंजिनांची गतिचक्रे, पुल्या आणि बेअरिंगे. बाजारपेठेच्या अनेक गावी असे आवार आढळते. प्रथमदर्शनी ते भंगार वाटते. परंतु ऐन हंगामात यंत्र बंद पडलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते सुट्या भागांचे कोठार असते. तालुक्याहून नवा भाग येईपर्यंत वापसा निघून जातो. येथे मात्र पर्यायी भाग शोधून, कातून, जोडून काम पुढे चालू होते.

या आवारातील प्रत्येक वस्तूमागे काही तत्त्व आहे. कमानपाट्याचे पोलाद कठीण व चिवट असते. म्हणून ते तापवून, घडवून आणि योग्य पाणी देऊन त्यापासून कुळवाची फास किंवा कुऱ्हाड करता येते. जीपच्या मागील आसातील दंतचक्रांची पेटी शक्तीची दिशा काटकोनात वळविते आणि वेग कमी करून जोर वाढविते. पुल्यांचे गणितही असेच आहे. मिनिटाला ६५० फेरे करणाऱ्या इंजिनावर २० सेंटीमीटर व्यासाची आणि पंपावर १० सेंटीमीटर व्यासाची पुली बसविली, तर पंपाचे फेरे दुप्पट, म्हणजे सुमारे १३०० होतात. वेग कमी करावयाचा असल्यास मोठी पुली यंत्रावर बसवितात. कारागिराने हे सूत्र कदाचित कागदावर मांडलेले नसेल. त्याच्या हाताला मात्र ते पाठ असते.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. अलीकडे, सांगली जिल्ह्यातीलच देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील भाग जोडून, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी तयार केली. २०२१ च्या अखेरीस तिची देशभर चर्चा झाली. पुढे एका मोटार उद्योगाने त्या गाडीच्या बदल्यात त्याला नवे वाहन दिले.

तथापि, कौतुकाबरोबर सावधगिरीही हवी. घरी बनविलेले वाहन, त्याच्या रचनेला विहित मान्यता मिळाल्याखेरीज, सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. कारण ब्रेक, सुकाणू व दिवे यांवर इतरांचेही प्राण अवलंबून असतात. शेतातील यंत्रांचेही तसेच आहे. मळणी यंत्रांवर हात गमावण्याचे प्रकार घडू लागल्यामुळे १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. पट्ट्यावर जाळीचे आच्छादन, कडबा कापणी यंत्राला लांब घशाची पन्हळ आणि इंजिन तत्काळ बंद करण्याची सोय, एवढ्या गोष्टी त्याच आवारातील पत्र्यातून व नळ्यांतून होऊ शकतात. त्यांचा खर्च थोडा. त्या नसल्यास होणारी हानी मात्र भरून न येणारी.

दुसरा प्रश्न वारशाचा आहे. हे ज्ञान लिहिलेले नसल्याने वृद्ध कारागिराबरोबर ते नाहीसे होते आणि त्याचे आवार वजनावर विकले जाते. यावर शाळा उपाय करू शकतात. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करीत विज्ञान शिकण्याची पद्धत रूढ केली. जुन्या जीपचे भाग वापरून एक छोटा ट्रॅक्टरही तेथे तयार झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान २००० सालापासून ग्रामीण संशोधकांच्या कल्पनांची नोंद घेऊन त्यांना साहाय्य करीत आले आहे.

शिक्षकांनी यंत्रांचा पाठ एकदा तरी अशा आवारात घ्यावा आणि कारागिराकडून ऐकलेले विद्यार्थ्यांकडून वहीत उतरवून घ्यावे. ग्रामपंचायतीने गावातील कारागिरांची यादी ठेवावी, त्यांच्या यंत्रांवरील आच्छादनांकडे लक्ष द्यावे आणि नव्या कल्पना योग्य संस्थेपर्यंत पोहोचवाव्यात. गंजलेल्या लोखंडाला बाजारात किलोचा भाव मिळतो; त्यापासून औजार घडविणाऱ्या हाताची किंमत गावानेच ओळखावयाची असते.