जुना फ्रीज भंगारात काढताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दसरा-दिवाळीला पेण-रोह्यात घरोघरी नवा फ्रीज येतो, आणि जुन्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. भंगारवाला दाराशी येतो, किलोचा भाव ठरतो, फ्रीज टेम्पोत चढतो. पुढे तो कुठे आणि कसा फोडला जातो, हे आपण विचारत नाही. ते विचारायलाच हवं, कारण फ्रीजच्या नळ्यांत आणि भिंतींत वायू कोंडलेला असतो.

गैरसमज: फ्रीज बंद पडला म्हणजे आतला गॅस संपला.
वस्तुस्थिती: थर्मोस्टॅट, रिले किंवा मोटर बिघडली तरी फ्रीज थंड होत नाही, पण गॅस नळ्यांत तसाच असतो. जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ हा वायू असे. त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या १० हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो. असा फक्त १०० ग्रॅम गॅस हवेत सोडणं म्हणजे ४०० लिटरहून जास्त पेट्रोल जाळण्याइतकं नुकसान. भारतात २००३ पासून नव्या फ्रीजमध्ये हा वायू भरणं बंद झालं आणि २००८ मध्ये त्याच्या जातीच्या वायूंचं उत्पादनही थांबलं. २००३ च्या आधीचे फ्रीज मात्र अजून कुठे कुठे चालू आहेत. आर-१२ च्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवामान तापवण्यात तोही कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून पुढे आहे.

गैरसमज: नव्या फ्रीजचा गॅस पर्यावरणपूरक आहे, नळी कापली तरी चालते.
वस्तुस्थिती: हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. ओझोन आणि हवामान या दोन्हींच्या दृष्टीने तो खरंच बरा. पण तो स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला, पेट घेणारा वायू आहे. हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत तो जमिनीलगत साचतो. अशा ठिकाणी गॅस कटर किंवा ग्राइंडर चालवला, तर एक ठिणगी स्फोटाला पुरेशी होते. कोणता गॅस आहे ते फ्रीजमागच्या किंवा कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. फ्रीज देण्याआधी ते वाचा.

गैरसमज: कॉम्प्रेसर आणि तांबं काढलं की उरतो तो नुसता पत्रा.
वस्तुस्थिती: कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, ते जमिनीवर ओतलं की मातीत मुरतं. पत्र्यामागचा पिवळसर फोम तर आणखी घातक. जुन्या फ्रीजचा फोम फुगवायला आर-११ वापरत, आणि नळ्यांतल्यापेक्षा जास्त वायू त्या फोमच्या बारीक पोकळ्यांत असतो. कुऱ्हाडीने भिंती फोडल्या की तो सुटू लागतो. फोम जाळला तर धुरातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात, आणि ते आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातात. नीट चालणाऱ्या कारखान्यात आधी गॅस आणि तेल यंत्राने ओढून घेतात, मग बंदिस्त यंत्रात फोम वेगळा करतात, आणि शेवटी लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, प्लास्टिक निवडतात.

गैरसमज: रोह्याजवळच्या धाटावला एवढे रासायनिक कारखाने असताना एका फ्रीजने काय होणार?
वस्तुस्थिती: कारखान्यांचं सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्राकडे नेता येतं. नळीतून उडालेला वायू गोळा करणारं केंद्र कुठेच नाही. तो सुटण्याआधी अडवणं हा एकच मार्ग आहे.

गैरसमज: बंद फ्रीज पडवीत ठेवला तर कुणाला त्रास नाही.
वस्तुस्थिती: खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत नळ्या गंजतात आणि गॅस हळूहळू निसटतो. त्याहून मोठा धोका लहान मुलांना. लपाछपी खेळताना मूल आत शिरलं आणि दार लागलं, तर रबरी पट्टीमुळे हवा कोंडते आणि आवाजही बाहेर फुटत नाही. फ्रीज ठेवायचाच असेल, तर दार आजच बिजागऱ्यांतून काढा.

गैरसमज: एक्सचेंजमध्ये दिला किंवा घंटागाडीत टाकला की झालं.
वस्तुस्थिती: दुकानदाराने घेतलेला फ्रीज रीसायकलरकडेच जाईल असं नाही, दुरुस्त करून तो पुन्हा विकलाही जातो. फ्रीज २०१२ पासून ई-कचऱ्याच्या नियमांत आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार ई-कचरा नोंदणीकृत रीसायकलरकडे जायला हवा आणि त्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. नेहमीच्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा करून रीसायकलरकडे पाठवणं हे नगरपालिकेचं काम आहे.

म्हणून फ्रीज देण्याआधी एवढं करा. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर जुना फ्रीज नेण्याची सोय विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रीसायकलर शोधा. फ्रीज अखंड द्या. कॉम्प्रेसर आधी काढून विकू नका. नेताना तो उभाच न्या, नळ्यांना धक्का लागू देऊ नका, आणि पावती मागा. एकाच फ्रीजसाठी गाडी परवडत नसेल, तर सोसायटीतल्या किंवा आळीतल्या चार घरांनी मिळून बोलवा. भंगारवाल्याकडून मिळणारे चार पैसे सोडावे लागले तरी सोडा. गॅस मोकळा सोडून मिळवलेल्या पैशाची किंमत आपल्याच मुलांना मोजावी लागणार आहे.