धावपट्टी आहे, पण दिसायला हवी ना!

२०१९च्या नोव्हेंबरच्या मध्यावर शिर्डीची विमानं बंद पडली आणि काही आठवडे बंदच राहिली. संप नव्हता, अपघात नव्हता. २,५०० मीटरची धावपट्टी जागच्या जागी होती. अडलं होतं ते विमानतळ जिथे आहे त्या काकडी गावच्या माळावर पुरेसं दिसत नव्हतं म्हणून. साईबाबांच्या समाधी शताब्दीच्या तोंडावर, १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झालेल्या या विमानतळावर वैमानिकाला तोवर डोळ्यांच्या भरवशावरच उतरावं लागे. नियमाप्रमाणे त्यासाठी ५,००० मीटरपर्यंतचं दिसावं लागतं. पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर, म्हणजे रेडिओच्या आधारे विमान उतरवणाऱ्या यंत्रणेवर, मात्र धावपट्टीवर ५५० मीटर दिसलं तरी उतरता येतं. आपल्या छोट्या विमानतळांची बरीचशी रड या दोन आकड्यांच्या मधे आहे. फीत कापायला इमारत लागते. अँटेनासमोर उभं राहून फोटो कोण काढणार?

ही आयएलएस म्हणजे दोन रेडिओ पट्टे. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला लोकलायझरच्या अँटेनांची रांग असते. ती एकाच लहरीवर दोन सूर सोडते, ९० हर्ट्झचा आणि १५० हर्ट्झचा. येणाऱ्या वैमानिकाच्या डाव्या बाजूला ९०चा जोर, उजवीकडे १५०चा. दोन्ही सारखे भरले की विमान बरोबर मध्यरेषेवर. उंचीसाठी ग्लाइड पाथ हेच गणित उभं मांडतो : वर ९०, खाली १५०, आणि दोहोंच्या मधे साधारण ३ अंशांचा उतार. २०० फुटांवर आल्यावरही दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही, तर पुन्हा वर जायचं. तिथे हुज्जत नाही.

गंमत अशी, की ग्लाइड पाथची अँटेना हे काम एकटी करत नाही. तिच्यासमोरची जमीन लहरी परतवते आणि थेट लहरी व परतलेल्या लहरी मिळून तो उतार तयार होतो. म्हणून त्या तुकड्यावर गवत माजून चालत नाही, पाणी साचून चालत नाही, विमान उतरत असताना जीप उभी राहून तर मुळीच चालत नाही. ठरावीक काळाने मोजणीचं खास विमान येऊन हवेतल्या त्या अदृश्य रेषा तपासून जातं. व्हीओआर, डीएमई ही दिशा आणि अंतर सांगणारी यंत्रंही अशीच तपासली जातात. प्रत्येक यंत्र मोर्समध्ये आपली ओळख सांगत राहतं. दुरुस्ती चालू असली की ती ओळख काढून घेतात. कॉकपिटमधली सुई हलत असेल, पण ओळख ऐकू येत नसेल, तर त्या सुईवर विसंबायचं नाही.

आता आवाजाचं. टॉवर आणि विमान बोलतात ते व्हीएचएफवर, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. १०,००० फुटांवरचं विमान सव्वादोनशे किलोमीटरवरून ऐकू येईल, १,००० फुटांवरचं जेमतेम सत्तर. मधे डोंगर आला तर तेवढंही नाही. म्हणजे विमान खाली येऊ लागलं की लांबच्या मोठ्या केंद्राचा उपयोग संपत जातो आणि जवळच्या टॉवरशिवाय गत्यंतर उरत नाही.

आणि हे बोलणं आजही जुन्या एएम पद्धतीनेच चालतं. एफएमवर जोरदार आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो. एएमवर दोघे एकदम बोलले तर कर्कश शिट्टी वाजते, निदान गडबड झाल्याचं कळतं. पण कळणं पुरेसं नसतं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या लॉस रोडिओसवर, म्हणजे एका प्रादेशिक विमानतळावरच, शेजारच्या बेटावरच्या बॉम्बस्फोटामुळे वळवलेल्या मोठमोठ्या विमानांची दाटी झाली होती. त्यात धुकं. टॉवरने उड्डाणाच्या तयारीतल्या केएलएमच्या विमानाला थांबायला सांगितलं आणि त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या विमानाने ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असं कळवलं. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये महत्त्वाच्या शब्दांच्या जागी शिट्टी पोचली. ते विमान उड्डाणासाठी धावत पॅन अ‍ॅमच्या विमानावर आदळलं. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक पडला.

शिर्डीत २०२३च्या एप्रिलमध्ये रात्रीची विमानं उतरू लागली. आपल्याकडे ‘नाइट लँडिंग’ची घोषणा झाली की सगळे प्रश्न मिटले असं समजतात. अंधारात धावपट्टीचे दिवे लांबून दिसतात. धुक्यात तेही दिसत नाहीत. हे दोन वेगळे आजार आहेत.

प्रत्येक गावी आयएलएस बसवणं परवडणारं नाही, हेही खरं. त्यावर इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाचं ‘गगन’ हा उतारा आहे. जमिनीवरची केंद्रं जीपीएसमधली चूक मोजतात आणि भूस्थिर उपग्रह ती दुरुस्ती विमानाला कळवतात. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान या पद्धतीने उतरलं. तिथे आयएलएस नव्हती. मात्र विमानात त्यासाठीचा रिसीव्हर हवा. आणि शेवटच्या टप्प्यात डोळ्यांना धरून आणणारे दिवे नसतील, तर उपग्रहाने कितीही अचूक आणून सोडलं तरी किमान दृश्यमानतेची अट वाढतेच. पूर्ण रांग मांडायची तर हे दिवे धावपट्टीच्या पुढे ९०० मीटरपर्यंत जातात, आणि तिथे शेत कुणाचं तरी असतंच.