पाकट पाळायचा, तर आधी समुद्र पाळावा लागेल

मुकुटबनची चुनखडी एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचली, मासे जन्मायच्याही कितीतरी आधी. आज इथून चारशे किलोमीटरच्या आत कुठेही किनारा नाही. अशा गावात घरच्या टाकीत निळ्या ठिपक्यांचा पाकट मासा ठेवायची हौस असेल, तर आधी पाण्याचा हिशेब मांडावा.

‘छोटा’ म्हणवणाऱ्या या पाकटाची चकती 35 सेंटिमीटरपर्यंत वाढते, शेपटी वेगळी. तो तळालगत फिरतो, म्हणून टाकी पसरट हवी. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद टाकीत 60 सेंटिमीटर पाणी भरले की झाले 1200 लिटर. लिटरला 35 ग्रॅम या दराने मीठ लागते 42 किलो, आणि तेही स्वयंपाकाचे नव्हे, मॅग्नेशियम-कॅल्शियमयुक्त मत्स्यालयाचे. चुनखडीच्या पट्ट्यातले बोअरचे जड पाणी टाळून आरओचेच घ्यावे.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर पारा 45 अंशांकडे आणि माशाला पाणी हवे 24 ते 27 अंशांचे. पंख्याचा झोत सोडला की पाणी निवते, पण उडते ते फक्त पाणी; मीठ मागे राहून खारटपणा चढतो. म्हणून घट रोज गोड्या पाण्यानेच भरायची. शेवटी चिलर घ्यावाच लागतो, आणि वीज गेली तर हवेचा पंप चालवायला इन्व्हर्टरही.

हा जीव वाळूत पुरून बसला की दिसतात फक्त डोळे आणि त्यांच्या मागची दोन छिद्रे. तोंड आणि कल्ले पोटाखाली, म्हणून श्वासाचे पाणी तो या छिद्रांतून ओढतो. वाळू खरखरीत असली तर पोट सोलवटते. इतर माशांना चालणारे तांबेयुक्त औषध त्याच्या जिवावर बेतते. शेपटीवरचा काटा विषारी असतो. लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून थेट दवाखाना गाठावा.

इतके करूनही निळ्या ठिपक्यांचा पाकट टाकीत अनेकदा अन्नच सोडतो आणि काही महिन्यांत मरतो. माझ्या मते तो विकत घेऊच नये. खाऱ्या पाण्याची ओढ असेल तर विदूषक माशाची जोडी ठेवा. त्यांची पैदास बंदिस्त टाक्यांत होते, आपल्याकडे ऐरोलीतही झाली आहे, आणि त्यांना दोनशे लिटर पाणी पुरते. घेताना विक्रेत्याला एवढे जरूर विचारा: मासा टाकीत जन्मलेला आहे की समुद्रातून धरून आणलेला?