आत किती, बाहेर किती

गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये क्लोरोफॉर्म, त्यात विरघळलेलं चिमूटभर पॉलिमर. फ्लास्क कोमट पाण्यात फिरतो, पंप हवा ओढतो आणि क्लोरोफॉर्म उडून जातो. काचेला आतून एक पातळ थर चिकटून राहतो, तोही उजेडात धरला तरच दिसतो. तो कुठे जाड, कुठे विरळ झाला तर पुढचं सगळं बिघडतं. हे काम करणारी मुलगी सावद्याची. खानदेशातल्या एका फार्मसी कॉलेजात ती पीएच.डी. करते. ‘काका, आधी ग्लोव्ह घाला,’ असं बजावूनच तिने मला शेजारी बसू दिलं.

या पॉलिमरच्या साखळीचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. थरावर अमोनियम सल्फेटचं गरम पाणी ओतून फ्लास्क पुन्हा फिरवला की साखळ्या आपोआप भिंत रचतात. पाणी टाळणारी टोकं भिंतीच्या आत दडतात आणि पोटात पाणी असलेल्या सूक्ष्म थैल्या तयार होतात. प्रयोगशाळेत त्यांना व्हेसिकल म्हणतात. नितळ पाणी दुधाळ झालं की थर सुटला असं समजायचं.

या थैल्या लहानमोठ्या असतात. म्हणून ते दुधाळ पाणी गरम ठोकळ्यात बसवलेल्या दोन सिरिंजांमधून बारीक छिद्रांच्या पडद्यातून इकडून तिकडे ढकलायचं. आधी ४०० नॅनोमीटरची छिद्रं, मग २००, मग १००. पहिल्या पडद्याला अंगठा दुखून येतो. निर्यातीच्या पेटीत एका मापाचीच केळी लागतात, हे सावद्यात कोणालाही सांगावं लागत नाही. इथेही तोच हट्ट. मोठ्या थैल्या यकृत आणि प्लीहा लवकर गिळतात.

मग येतं कॅन्सरवरचं औषध, डॉक्सोरुबिसिन. रावेर-यावलकडचे कितीतरी पेशंट भुसावळहून गाडी धरून मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला जातात. त्यांच्यातल्या अनेकांना ते ‘लाल औषध’ म्हणूनच ठाऊक असतं. गाठीइतकाच त्याचा धोका हृदयाला, म्हणून आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे. ते थैलीत कोंडायची युक्ती जेरुसलेमच्या येहेझ्केल बारेनहोल्झ यांच्या गटाची. बाहेरचं अमोनियम सल्फेट धुऊन काढायचं, आतलं तसंच ठेवायचं. औषधाचा रेणू भिंतीतून आत शिरतो, तिथे त्याच्यावर विद्युतभार येतो, सल्फेटशी जुळून तो साका होऊन बसतो आणि परत फिरू शकत नाही. चरबीच्या भिंतीचं असं औषध, डॉक्सिल, अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं. तिथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा २०१२ मध्ये सन फार्माचं लिपोडॉक्स भारतातून मागवण्यात आलं.

पॉलिमरची भिंत त्यापुढची पायरी. १९९९ साली पेनसिल्व्हेनियात डेनिस डिशर, डॅनियल हॅमर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही भिंत चरबीच्या भिंतीपेक्षा जाड आणि कितीतरी चिवट असते. तिच्यातून पाणीही निदान दहापट कमी झिरपतं. औषध वाटेत गळत नाही, हा फायदा. पण एवढी घट्ट भिंत गाठीत पोचल्यावर उघडायची कशी, हाच पेच. म्हणून ही मुलगी आम्लात लवकर झिजणारं पॉलिमर निवडते आणि ३७ अंशांवर थैल्यांचं पाणी भरलेल्या दोन पिशव्या ठेवते: एक रक्ताच्या ७.४ पीएचला, दुसरी आम्लधर्मी ५.५ ला. रात्रभर ठरलेल्या वेळी उठून नमुने काढायचे.

पण मला सर्वांत खरं काम वाटलं ते धुण्याचं. लाल द्रव जेलच्या स्तंभावर सोडला की खाली उतरताना त्याचे दोन पट्टे होतात. थैल्या आकाराने मोठ्या, जेलच्या मण्यांत शिरू शकत नाहीत, म्हणून भराभर पुढे जातात. सुटं औषध मण्यांच्या छिद्रांत रेंगाळत मागे राहतं. हे सुटं औषध नीट वेगळं झालं नाही तर पेशींवरच्या प्रयोगात पेशी मरतात खऱ्या, पण श्रेय थैलीला जातं. मग पुढचा पट्टा द्रावकात फोडून ४८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं: आत किती, बाहेर किती.

हा हिशेब शरीरातही सुटत नाही. २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचा मध्यक भरला ०.७ टक्के. डॉक्सिलचाही सर्वांत ठळक लाभ हृदय वाचण्यातच दिसला. औषध कुठे गेलं, याइतकंच ते कुठे गेलं नाही, हेही मोजावं लागतं ते यासाठी.

गावाकडे गेली की तिला विचारतात, ‘सापडलं का कॅन्सरवर औषध?’ ती सांगते, ‘औषध १९७४ पासून बाजारात आहे. मी फक्त ते नको तिथे जाऊ नये याची सोय बघतेय.’ ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पण लाल औषधाच्या दोन डोसांमध्ये हृदयाची सोनोग्राफी करून घेणाऱ्या पेशंटला विचारलं, तर ही सोय लहान नाही असंच तो सांगेल.