सक्रिय कोळसा : औषध आणि फॅशन

नारळाच्या करवंट्या किंवा लाकूड हवा लागू न देता तापवले की साधा कोळसा मिळतो. तोच कोळसा पुन्हा ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेच्या झोतात धरला की त्याच्या अंगभर अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. हाच सक्रिय कोळसा, बाजारातला ‘ॲक्टिव्हेटेड चारकोल’. छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ जमेस धरले, तर एक ग्रॅम भुकटीत सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे पृष्ठभाग सामावलेला असतो. आसपासच्या द्रवातले किंवा वायूतले रेणू या पृष्ठभागाला येऊन चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये पाण्यातला नकोसा वास जातो तो मुख्यतः यामुळेच. पहिल्या महायुद्धात विषारी वायू रोखणाऱ्या मुखवट्यांसाठी अमेरिकेत लोकांकडून करवंट्या आणि पीचचे बाठे गोळा केले गेले, तेही असा कोळसा बनवण्यासाठीच.

औषध म्हणूनही त्याचा इतिहास जुना आहे. फ्रेंच औषधनिर्माता तुएरी याने १८३१ मध्ये काजऱ्याच्या बियांतले स्ट्रिक्निन हे जहाल विष, प्राणघातक मात्रेच्या कित्येक पटींनी, कोळशात मिसळून विद्वानांसमक्ष गिळले आणि तो वाचला, अशी नोंद आहे. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत सक्रिय कोळसा आहे. विषबाधा झालेल्या प्रौढ रुग्णाला ५० ते १०० ग्रॅम भुकटी पाण्यात कालवून पाजतात. विष पोटात गेल्यापासून पहिल्या तासाभरात ती दिली तर उपयोग सर्वाधिक. विष आतड्यातून रक्तात उतरले की बहुतेक वेळा संधी हुकते. मद्य, लोह, लिथियम, तीव्र आम्ल किंवा अल्कली यांच्यावर तर कोळशाची मात्रा चालतच नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर हा काळा द्रव फुप्फुसात जाऊन जिवावर बेतू शकते. म्हणून हा उपचार रुग्णालयातच व्हायला हवा.

२०१६ च्या सुमारास न्यूयॉर्कमधले काळेकुट्ट नारळी आइस्क्रीम इन्स्टाग्रामवर गाजले आणि पाठोपाठ काळे लिंबूसरबत, काळे बर्गर, कोळशाची कॉफी आली. रंगाची हौस एक वेळ समजू शकते. युरोपात वनस्पतिजन्य कोळसा ई१५३ या क्रमांकाने खाद्यरंग म्हणून मान्यही आहे. अमेरिकेत मात्र अशी परवानगी नसल्याने न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये असे पदार्थ विकण्यास मनाई केली.

खरा आक्षेप अशा पदार्थांनी शरीर शुद्ध होते, या ‘डिटॉक्स’च्या दाव्यावर आहे. कोळसा आतड्यातून रक्तात जातच नाही, तर तो रक्त शुद्ध कसे करणार? ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात. शिवाय कोळशाला विष आणि औषध यांतला भेद कळत नाही. गर्भनिरोधक गोळी, अपस्माराचे किंवा हृदयविकाराचे औषध घेऊन कोणी कोळशाचे सरबत प्यायले, तर औषधाचा काही भाग कोळशाला चिकटून शौचावाटे निघून जाऊ शकतो. पेल्यात कोळसा किती घातला आहे हे गिऱ्हाइकाला सहसा सांगितले जात नाही, आणि धोका तर त्या प्रमाणावरच ठरतो. रोज गोळ्या घेणाऱ्यांनी असे पदार्थ टाळलेलेच बरे. कोळशाचा एक दावा मात्र युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये ग्राह्य धरला: जेवणाआधी अर्धा तास एक ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच एक ग्रॅम घेतल्यास पोटातला जास्तीचा वायू कमी होण्यास मदत होते.

दातांसाठी कोळसा आपल्याकडे नवा नाही. चुलीतला कोळसा आणि राखुंडी खेड्यापाड्यांत पिढ्यानपिढ्या वापरात होती. आता तोच ट्यूबमध्ये भरून परतला आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. कोळशाची पेस्ट सुरक्षित आणि परिणामकारक आहे असे म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. खरखरीत भुकटीने वरचे डाग निघतात, पण रोज घासल्याने दातांचे एनॅमल झिजू शकते, आणि झिजलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. त्याखालचे डेंटिन मुळातच पिवळसर असते, त्यामुळे दात उलट पिवळे दिसू लागतात. त्यात भर म्हणजे अशा बऱ्याच पेस्टमध्ये किडीपासून दात वाचवणारे फ्लोराइडही नसते.