कपाटातले परसदार

दोन वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली. परंतु गच्चीपर्यंतचे तीन जिने तिला कायमचे बंद झाले आणि गच्चीवरच्या तिच्या कुंड्या पाण्यावाचून पंधरवड्यात वाळून गेल्या. तिच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे खरी, पण त्या दिशेला आता पुनर्विकासात उभा राहिलेला मनोरा आहे. ऊन येते ते पलीकडच्या भिंतीवर. आमच्याकडे येतो केवळ त्याचा उजेड.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंचे सांगणे एकच असे, की आजींनी दिवसातून चार-सहा वेळा तरी उठून उभे राहिले पाहिजे. आई मात्र उठत नसे. ‘‘उठून करू काय?’’ हा तिचा प्रश्न होता आणि त्याला आमच्यापैकी कोणाजवळ उत्तर नव्हते. जन्म रायगड जिल्ह्यातल्या वाडीत, परसात अळू, पुदिना, दारी जास्वंद. चालण्यासाठी चालणे हा प्रकार तिला ठाऊकच नाही. त्या दिवसांत जिन्याखाली धूळ खात पडलेल्या पुस्तकांच्या जुन्या कपाटाकडे माझे लक्ष गेले.

आपल्याही घरी असे एखादे कपाट असेल आणि घरात ऊन येत नसेल, तर त्यात भाजी उगवता येते. त्यासाठी सुताराची विशेष गरज नाही, वायरमनची आहे. आमचे कपाट प्लायवूडचे, ३ फूट रुंद, दीड फूट खोल आणि ५ फूट उंच होते. मधली एक फळी काढून आम्ही त्याचे दोन मोठे खण केले. आतून पांढरा, चकाकी नसलेला तैलरंग दिला. पुष्कळजण आतून ॲल्युमिनियमची चंदेरी कागदपट्टी लावतात. ती लावू नये. चुरगळलेल्या चंदेरीपेक्षा साधा पांढरा रंग प्रकाश अधिक सारखा पसरवतो, आणि मुख्य म्हणजे रंगातून वीज वाहत नाही.

प्रकाशाचा हिशेब

नवशिक्याची पहिली चूक पाण्याची असते असे आपण समजतो. माझ्या अनुभवाने ती उजेडाची असते. आपले डोळे या बाबतीत अगदीच अविश्वासू साक्षीदार आहेत. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स इतका प्रकाश असतो. रात्री दिवा लावलेल्या आपल्या दिवाणखान्यात तो दोनशे-तीनशे लक्सच्या घरात असतो. आपल्याला दोन्हीकडे वर्तमानपत्र वाचता येते, म्हणून दोन्ही जागा ‘उजेडाच्या’ वाटतात. झाडाला मात्र दुसऱ्या जागी उपासमार घडते. मग ते प्रकाशाच्या शोधात लांबुडके, फिकट आणि लुकडे होत जाते, आणि आपण त्याला आणखी पाणी घालतो.

पालेभाजीसाठी पानांवर सात ते दहा हजार लक्स पडतील अशी व्यवस्था असावी. आमच्या एका खणात दोन फुटी, १० वॅटच्या चार पांढऱ्या एलईडी पट्ट्या बसवल्या. विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतात त्याच. खोक्यावर ६५०० केल्विन असे लिहिलेल्या घेतल्या. मोबाइलमधील लक्स मोजणारे ॲप अचूक नसले तरी अंदाज देते. आमच्या पट्ट्यांखाली ते सात हजारांच्या आसपास आकडा दाखवत असे. एवढ्यात मेथी, कोथिंबीर, पुदिना सुखाने वाढतात. टोमॅटो-मिरचीचा मोह धरू नये. फळ धरण्यासाठी लागणारा प्रकाश याच्या कितीतरी पट असतो.

झाडांसाठी म्हणून विकले जाणारे जांभळे दिवेही पुष्कळांच्या नजरेत भरतात. झाडे त्यांच्याखाली वाढतात, यात शंका नाही. पण त्या रंगात हिरवे पान काळपट दिसते आणि पिवळी पडलेली कड किंवा बुरशीचा ठिपका ध्यानातच येत नाही. शिवाय खोलीत वृद्ध माणूस असेल तर तो जांभळा झगझगाट सोसवत नाही. पांढरा दिवा बरा.

पट्ट्या फळीला कायमच्या ठोकू नयेत. त्या एका हलक्या चौकटीवर बसवून चौकट साखळीने टांगावी, म्हणजे रोप वाढेल तशी ती वर घेता येते. दिवा आणि शेंडा यांत सहा ते आठ इंच अंतर पुरे. दिवे चौदा तास चालू ठेवावेत आणि त्यासाठी चोवीस तासांचा टायमर लावावा. आमचे दिवे सकाळी ६ ला लागतात आणि रात्री ८ ला विझतात. या वेळेत माणसांचाही विचार आहे. कपाट निजायच्या खोलीत असेल आणि रात्री उशिरापर्यंत त्याचा लख्ख उजेड डोळ्यांवर येत असेल, तर झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावते. म्हाताऱ्या माणसाची झोप आधीच सावध असते.

आता खर्चाविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. चाळीस वॅट, चौदा तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला साधारण १७ युनिट, आणि तेही एका खणाचे. युनिटला १० रुपये धरले तर १७० रुपये. तेवढ्या पैशांत मंडईत मेथीच्या कित्येक जुड्या येतील. भाजी स्वस्त पडावी म्हणून कोणी हे कपाट करणार असेल, तर त्याने करू नये.

वारा, ओल आणि वीज

बंद कपाट म्हणजे ओलाव्याचे घर. पावसाळ्यात तर विचारूच नका. आमची पहिली मेथी चौथ्या दिवशी सुरेख उगवली, आठव्या दिवशी बुडाशी बारीक होऊन एकेका पट्ट्यात आडवी पडली. याला रोपे कोलमडणे म्हणतात. अति ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की मातीतील बुरशी हे करते. आईने ती रोपे पाहिली आणि म्हणाली, ‘‘अगं, कपाटात वारा कुठून यायचा? परसात वारा असतो.’’ आजारपणानंतर तिने आपण होऊन काढलेला तो पहिला विषय होता.

तिचे म्हणणे खरे होते. मग कपाटाच्या पाठीला वरच्या बाजूस गोल भोक पाडून संगणकात असतो तसला १२ व्होल्टचा लहान पंखा बसवला. तो आतली उबदार, दमट हवा बाहेर फेकतो. दाराच्या तळाशी पाडलेल्या भोकांतून ताजी हवा आत येते. हवा वर जाण्याचा तिचा स्वभावच आहे, आपण फक्त वाट दिली. पाने किंचित हलताना दिसली म्हणजे वारा पुरेसा आहे असे समजावे. घरात कोणाला दमा असेल तर ही व्यवस्था अनिवार्य धरा, आणि कपाटाला कुबट वास येऊ लागला तर ते रिकामे करून पुसून वाळवल्याखेरीज पुन्हा लावू नका.

मातीऐवजी दोन भाग कोकोपीट आणि एक भाग गांडूळखत घ्यावे. ट्रे तीन इंच खोल, तळाला भोके असलेला. त्याखाली पाणी धरणारा दुसरा अखंड ट्रे. बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. खालच्या ट्रेतले साचलेले पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे आणि आठवड्यातून एकदा तो ट्रे घासून धुवावा. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. नुसते पाणी ओतणे म्हणूनच पुरत नाही.

विजेविषयी मात्र मी आपल्याला भीती घालणारच आहे. आमच्याकडे वरच्या खणातला अखंड समजलेला ट्रे तडकलेला निघाला. पाणी ठिबकत खालच्या पट्टीच्या जोडावर आले. आई त्या वेळी कपाटासमोर उभी होती, एक हात धातूच्या वॉकरवर आणि दुसरा ओल्या ट्रेवर. खटका पडला आणि दिवे विझले, एवढेच. वायरमनने सुरुवातीलाच हट्टाने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला होता, म्हणून एवढेच. मी तेव्हा त्या खर्चावर कुरकुरले होते, हे कबूल करते.

तेव्हा अर्थिंग तपासून घ्या आणि गळतीचा खटका आहे ना, हे आधी पाहा. ॲडॉप्टर, टायमर आणि जोड कपाटाच्या बाहेर, ट्रेच्या पातळीहून वर ठेवा. वायर सॉकेटकडे नेताना आधी थोडी खाली सोडून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खालीच गळेल. ट्रेला हात लावण्यापूर्वी दिवे बंद करण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. आम्ही आता पाण्याचा ट्रे फक्त खालच्या खणात ठेवतो. वरच्या खणात वह्या आणि बियांचे डबे आहेत.

काय पेरावे

प्रारंभ मेथीने करावा. स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवून दाट पसरावेत. तीन दिवसांत उगवतात आणि तीन आठवड्यांत कोवळी जुडी हाती येते. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी कराव्यात, उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढा धीर धरावा. पुदिन्याला बीच नको. मंडईतल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळे फुटतात. बियाण्यांच्या दुकानातले रंगीत दाणे मात्र कोवळे अंकूर खाण्यासाठी पेरू नयेत. त्यांना बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. आणि घरी उगवलेली भाजीही धुऊनच खावी.

या कपाटाकडून जे होणार नाही तेही सांगते. त्याने खोलीतली हवा शुद्ध होत नाही. ही समजूत पसरली ती १९८९ च्या नासाच्या अहवालामुळे. तो प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत केलेला होता. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा नेहमीच्या इमारतीत आपोआप होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करण्यास दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील असे निघाले. खिडकी उघडणे सोपे. तसेच या दिव्यांतून ड जीवनसत्त्वही मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण त्यांत नसतात. आईला आम्ही आजही खुर्चीवर बसवून खाली उन्हात नेतो. आणि ज्यांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू आहे, त्यांनी घरची मेथी भरपूर आली म्हणून एकदम रोज खाऊ नये. पालेभाजीतील के जीवनसत्त्वाने त्या औषधाचा परिणाम कमी होतो. प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि मग तेच राखावे.

आई आता सकाळी ६ ला, दिव्यांच्या खटक्यासरशी उठते. वॉकर घेऊन कपाटापाशी जाते, मला हाक मारून दिवे बंद करवते, बोटाने ओल पाहते, दुपारी पुन्हा जाते, संध्याकाळी कोणी फोनवर असले तर त्याला मेथीची उंची सांगायला जाते. व्यायामाच्या बाईंनी मोजणे सोडून दिले आहे. गेल्या महिन्यात तिने माझा सल्ला न मानता कोपऱ्यात रताळ्याचे दोन तुकडे पुरले. वेल साखळीला धरून वर गेला आहे आणि कपाटाचे दार आता लागत नाही.