केळीचा सौदा आणि एलएलबी

पदवी झालेली आपल्या जळगाव-धुळ्याची मुलं विचारतात, "एलएलबीला शिकवतात तरी काय?"

रावेरकडचं उदाहरण घ्या. व्यापाऱ्याने भाव ठरवून केळीचा बाग घेतला, शेतकरी हो म्हणाला, कागद काहीच नाही. करार झाला का? झाला! १८७२चा भारतीय करार कायदा तोंडी करारही मानतो. भाव पडला आणि व्यापारी फिरला, तर खरी अडचण सिद्ध करण्याची. तिथे पुराव्याचा कायदा लागतो. आणि बागमालक १८ वर्षांखालचा निघाला तर? १९०३चा मोहरी बीबी खटला वाचा: अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल. करार कायदा हाच माझा सर्वांत आवडता विषय.

शिवाय संविधान, मालमत्ता हस्तांतरण, दिवाणी प्रक्रिया, अपकृत्यं (टॉर्ट्स). अमेरिकेत पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या 'जेडी'तही पहिल्या वर्षी करार, मालमत्ता, अपकृत्यं, फौजदारी कायदा असेच विषय असतात.

फौजदारीची पुस्तकं मात्र नवी घ्या. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. दादाची जुनी भारतीय दंड संहिता रद्दीत घालू नका. त्याआधीच्या गुन्ह्यांना तीच लागते.

प्रसिद्ध वकील उज्ज्वल निकम जळगावच्याच मणियार लॉ कॉलेजात शिकले. प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते.